एसी सर्व्हरचा, गादी शेटजींची

मंडळी, आज देवळीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधून डोकं फिरवून घेऊन आलो.

कन्सल्टंट म्हणून मीच तिथे सर्व्हरसाठी एसीची खोली करायला लावली होती. सकाळी फोन आला, सर्व्हर बंद पडला. जाऊन बघतो, तर त्या खोलीत मालक शेटजी गादी टाकून बसलेले. सर्व्हर बाहेर, जिनिंगच्या मशीनशेजारी, टॉवेलाने झाकलेला. पंख्यात मूठभर कापूस. डिस्क जळालेली, बॅकअपची डिस्कही त्याच डब्यात. अख्ख्या हंगामाचा डेटा गेला.

"हे बाहेर काऊन काढलं?"

"साहेब, गरमी माणसाले होते, डब्ब्याले काय होते?"

मी निघालो, तर मागून म्हणतात, "दार लावून घेजो, थंडी हवा बाहेर जाते."

दार सताड उघडं टाकून आलो. तुम्ही लावलं असतं?