चंपाचं ‘तू’

चंपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चादरींच्या घड्या घालत होते. हातातली घडी पूर्ण केली, कपाटात ठेवली आणि मगच खाली बसले. मुलांनो, तुम्ही तिला लग्नाच्या फोटोंतच पाहिलंत. ती माझी धाकटी जाऊ, आणि आयुष्यभर मला तिचा हेवा वाटत आला.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही तेव्हा शहाद्याला एकत्र राहत होतो. माझा भाऊ मुंबईहून इंग्रजी प्रेमकथांची चित्रपुस्तकं आणायचा. उन्हाळ्यात पापड लाटायला गल्लीतल्या बायका जमल्या की आम्ही दोघी आळीपाळीने एकेक पान मराठीत सांगायचो. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा पक्कं. माझ्या पानावर नायक नायिकेला ‘तू’ म्हणे, ती त्याला ‘तुम्ही’. चंपाचं पान आलं की दोघंही ‘तू’.

“माय वं, ती त्याले तू म्हनस?” बायकांची लाटणी थांबायची.

मी तिला सर्वांसमोर टोकलं. ती पीठ झटकत म्हणाली, “इंग्रजीमा दोन्हींले एकच शब्द शे, बाई. मंग त्याले पाट नि तिले भुई काबर?”

बायका हसल्या. पुढे माझं पान आलं की त्या म्हणायच्या, “चंपालेच सांगू द्या.” तेही मी सोसलं असतं... पण एका दुपारी भावोजी शेतावरून आले आणि पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज आला, “जेवी ले तू.” मग भावोजींचं हसू, “कोन तू?” “तूच.” चारचौघांत ती त्यांना ‘अहो’ म्हणायची. भिंतीपलीकडे मात्र ते ‘तू’ कायमचं राहिलं. भिंतीच्या अलीकडे मी ताटं वाढत बसलेले असायचे.

त्याच वर्षी तुमच्या आजोबांबरोबर तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला गेले. दर्शन करून घाटावर बसलो. आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. त्यांनी वळून विचारलं, “काय?” मी म्हणाले, “तुम्हाला पाणी देऊ का?” ते भले गृहस्थ होते. ‘तू’ म्हटलं असतं तर कदाचित हसले असते... कदाचित नसतेही. ते गेले तेव्हाही मी त्यांना ‘तुम्ही’च म्हणत होते.

परवा भावोजींना भेटायला गेले. ते म्हणाले, “आते सर्वा आबा म्हनतस, वहिनी. माले तू म्हननारी गयी.”

सांत्वनाचे शब्द मी मनात नीट लावून नेले होते. त्यांतला एकही उपयोगी पडला नाही. भावोजी झोपाळ्याच्या एका कडेला बसले होते, पलीकडची जागा मोकळी ठेवून. आमच्या घरी झोपाळ्यावर हे एकटेच बसायचे, अगदी मधोमध.