अर्जदार सॅक्सोफोनवाला : राजुरा ते चिमूर

कचेरीसमोरील माझे अर्ज लिहिण्याचे टेबल एक दिवस बंद ठेवून मी सकाळच्या एसटीने राजुरा सोडले. तालुक्याची गैरसोय झाली असणार. परंतु कामच तसे होते. चिमूरच्या रशीदभाई बँडमास्तरांचा मुलगा इम्रान मुंबईत सॅक्सोफोन वाजवतो. त्याने चौघांचा संच जमवून जॅझचा आल्बम केला व त्यावर गुरू म्हणून वडिलांचे नाव छापायचे ठरवले. वडिलांनी पहिलीच चीज अर्धवट ऐकून नाव देण्यास नकार दिला. आता रशीदभाई तोंडी म्हणणे ऐकत नाहीत; बँडमध्ये रजासुद्धा लेखी अर्जावर मिळते. चिमुरातही अर्ज लिहिणारे आहेत. तरी इम्रानचे बोलावणे राजुऱ्यास आले, यावरून वाचकांनी काय ते समजावे.

चंद्रपूरला तर्रीपोहे (तिखट रश्शाचे पोहे) खाल्ले. तर्रीचा काही अंश सदऱ्यानेही घेतला.

वरोऱ्याच्या पुढे सागवानाच्या रानात गाडी एकाएकी थांबली. झुडपात काहीतरी हलत होते. शेजारची म्हातारी शांतपणे म्हणाली, "रोही (नीलगाय) हाय भाऊ. पाय सीटवरून खाली घ्या."

चिमुरात रशीदभाईंच्या ढोलांनी भरलेल्या खोलीत मी अर्ज उभ्याने वाचला. विषय : आल्बम शेवटपर्यंत ऐकून घेणेबाबत. त्यांनी मान हलवली. इम्रानने पहिली चीज लावली. चौघांनी मिळून चाल वाजवली आणि सॅक्सोफोन एकटाच भलतीकडे निघाला.

रशीदभाईंनी हात वर केला. "हा चाल सोडून कुठी चालला? वरातीत असं केलं तं घोडा नवरदेवाले घेऊन परत जाईन."

मी म्हणालो, "मास्तर, अर्जदाराचे कथन चालू आहे. विषय चौघांनी मिळून मांडला. आता प्रत्येक जण आपली हकीकत सांगेल. अखेरीस त्याच विषयाखाली सगळे सही करतील."

"अन् विषय परत आला नाई तं?"

"तर मी अर्ज लिहिणे सोडेन."

आल्बम मी ऐकलेला नव्हता.

सॅक्सोफोनमागून पियानोने बाजू मांडली. मग बास आला. हे वाद्य माणसाएवढे असून बोलते फार सावकाश. इम्रान जमिनीकडे पाहत होता. रशीदभाईंची बोटे मात्र गुडघ्यावर चालू होती. शेवटी ड्रम थांबला आणि चौघे एकदम मूळ चालीवर येऊन उभे राहिले.

"मी मोजून राह्यलो होतो," रशीदभाई मुलाला म्हणाले. "एक मात्राबी सुटली नाई."

"तुम्हीच शिकवलं, अब्बा."

उरलेल्या सर्व चिजा त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. नंतर चष्मा लावून माझा अर्ज मागून घेतला, त्यावर सही केली आणि म्हणाले, "नुसतं रशीद नोको छापू. रशीद बँडमास्तर छाप. नाईतं कोण ओळखन मले?"

परतीच्या गाडीत मी विचार केला. माझे अर्ज आवक शिक्का घेऊन आत जातात. पुढचे मला दिसत नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलेला अर्ज इतक्या वर्षांत मी प्रथमच पाहिला. त्यातील महत्त्वाचा मजकूर माझ्या हातचा नव्हता, हेही येथे नमूद करतो.