वळणावरचं सोयाबीन

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्खं गाव सांगेल. त्या दिवशी सकाळी मी बाबांशी भांडले ती सोयाबीनवरून.

मळणी झाली की आमच्याकडे दाणे वाळवायला डांबरी रोडवर पसरतात. पहाटेच दगड मांडून जागा धरायची. दगडांच्या आतला रोड तेवढ्यापुरता आपला. मी पोचले उशिरा. सरळ रोड सगळा गेलेला. उरलं होतं ते पुसदकडे उतरणारं वळण. तिथं झाड एकही नाही, ऊन मात्र दिवसभर. मांडले दगड.

"वळणावर नको टाकू," बाबा म्हणाले. त्यांची उभी हयात पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रक चालवण्यात गेली. मला गाडीही त्यांनीच शिकवली. "दाण्यावर चाक रोड धरत नाही."

"मंग घरात वाळवू काय? तुमाले जिकडंतिकडं ट्रकच दिसते!"

 बाबा शेतात निघून गेले. मी रागारागानं चार पोती पसरली.

दुपारी शेतातली ताडपत्री उचलताना त्यांच्या हाताला घोणस डसली. मी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि पुसदच्या दवाखान्याकडे गाडी सोडली. हात कोपरापर्यंत सुजला होता, बोटं काळीनिळी पडत होती. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तशी माझी बोबडीच वळली. पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला तो दाबलेलाच. बाबांना काही होऊ नये, एवढं एकच डोक्यात होतं. सोयाबीन? देवाशप्पथ, आठवलंसुद्धा नाही.

वळण आलं तेव्हा दिसलं. माझ्याच बाजूला, डावीकडे, माझेच दगड, माझंच पिवळं सोयाबीन. उजवीकडून टाळून जावं तर समोरून कापसाचा ट्रक वर येत होता. आता थांबणंही शक्य नव्हतं. चाकं दगडांच्या मधून दाण्यांवर चढली आणि सगळ्या गाडीखाली सर्र असा आवाज झाला.

मी स्टेरिंग डावीकडे वळवलं. गाडी वळेचना! आणखी वळवलं, तरी ती आपली सरळ, ट्रकच्या तोंडात. स्टेरिंग हातात एकदम हलकं झालं होतं. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" बाबा ओरडले. एवढा आवाज त्यांनी कुठून काढला कोण जाणे. "पाय काढ. स्टेरिंग सोड थोडं."

समोर ट्रक, आणि हा माणूस म्हणतो सोड! शहाणं कोणी सोडेल? मी सोडलं. लहानपणापासून त्यांच्याशी भांडत आले. त्या क्षणी मात्र ऐकलं.

"तिकडं पाहू नको. जिकडं जाचं हाय तिकडं पाह्य."

मी ट्रकवरून नजर ओढून वळणाच्या पुढच्या रोडवर नेली. दाणे संपले, चाकांनी डांबर धरलं, गाडीचं तोंड डावीकडे वळलं. लगेच मागची बाजू बाहेर फेकली गेली. मी जरा उलटं वळवलं, गाडी दोनदा डुलली आणि सरळ झाली. ट्रक आरशाला घासेल इतक्या जवळून गेला. डावीकडचं चाक शेवटच्या दगडापासून वीतभर सुटलं.

बाबांनी डोळे मिटले. "आता चाल," एवढंच म्हणाले. मी रडत रडत चालवत होते.

दवाखान्यात इंजेक्शनं लागली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. त्याच संध्याकाळी शेजारच्या भाऊंचा फोन आला.

"ताई, काळजी नोको करू. तुहं सोयाबीन सांडलं होतं ना, सारं झाडून पुन्हा तिथंच पसरवलं. एक दाणा वाया जाऊ देल्ला नाही."

मी ताडकन उठून उभी राहिले. "उचला भाऊ. आत्ताच्या आत्ता."

"ओलं हाय अजून. पोत्यात भरलं तर बुरशी लागंन."

"लागू द्या! सडू द्या सगळं!" मी वॉर्डात ओरडले. नर्स धावत आली. भाऊ बिचारे घाबरून "बरं, बरं" म्हणाले.

मला वाटलं, आता बाबा त्या सकाळचं भांडण काढतील. काढावं, असंच वाटत होतं. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. सुजलेला हात छातीवर तसाच ठेवून हळूच म्हणाले,

"दगडंही उचलाले सांग."