घरमालक आणि हरितगृहातला भात

वेलचेरीला मी भाड्याने राहायचे त्या घराचे मालक तंजावूरकडचे मराठी होते. बँकेतून निवृत्त झालेले, खालच्या मजल्यावर एकटेच राहत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढणारी. माझी नाशिकची मराठी त्यांना फार घाईची वाटायची. पण अख्ख्या गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी कामावरून आले की ते हाक मारत, "हिंगे ये पोरी, कापी घे." हिंगे म्हणजे इकडे.

मी एका संशोधन संस्थेत होते. एका रानगवताचं जनुक भातात घालून कमी पाण्यावर येणारा वाण तयार करायचं आमचं काम. घरमालक काकांना ते मुळीच पसंत नव्हतं. "उद्या बियाणं दर साली विकत घ्यावं लागलं तर शेतकऱ्यानं जावं कुठे?" ते विचारायचे.

"आमचं बियाणं कंपनीचं नाही, काका. सरकारच्या पैशातलं आहे."

"आज नाही. उद्या?"

दिवसभर हरितगृहाच्या उकाड्यात उभं राहून आल्यावर माझ्यात वाद घालायचं त्राण नसे. मी कॉफी प्यायचे आणि वर जायचे.

एके सकाळी बसमधून उतरले तर संस्थेच्या फाटकापाशी आमच्या भाताविरुद्ध घोषणा चालल्या होत्या आणि गर्दीत काका फलक धरून उभे. मला बघून ते जरा बाजूला सरले. "जा तू आत, उशीर होईल," म्हणाले, सगळ्यांदेखत, मराठीत. रखवालदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पोंगलच्या सुट्टीनंतर आम्ही हरितगृह उघडलं तेव्हा जाळी फाडलेली होती. कुंड्या आडव्या, रोपं उपटून एका ढिगात टाकलेली. तुलनेसाठी लावलेला साधा भातही त्याच ढिगात. कुठलं रोप कुठलं, काही कळायला मार्ग नव्हता. मी खाली मातीतच बसले. रडू आलं नाही. आता हे सगळं पुन्हा पेरायचं, एवढंच मनात आलं.

पोलीस आले. इन्स्पेक्टरने मला घरमालकाबद्दल विचारलं.

"तुमच्या कामाबद्दल ते बोलायचे?"

"बोलायचे. विरोध करायचे."

"सुट्टीत कुठे होते?"

"घरीच. मला गोड पोंगल आणून दिला होता."

तरीही त्यांना ठाण्यावर बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी ते परतले आणि कुलूप न उघडता पायरीवरच बसले. मी पाणी घेऊन खाली गेले.

"कोणी केलं, ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण आम्हा विरोधकांच्या बैठकीत दोघं-तिघं म्हणत होते, उपटून टाकूया. मी उठून नको म्हणालो नाही. तसाच बसून राहिलो."

"पोलिसांना सांगितलंत?"

"अस्कं सांगितलं. सगळं."

कोणी सापडलं नाही. संस्थेत मात्र कॅमेरे बसले, काटेरी तार आली, आत-बाहेर करताना पिशव्या तपासू लागले. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी मला बोलावून सांगितलं, "घर बदल. तुझ्यासाठीच सांगतोय." काकांनी काही केलेलं नाही, हे मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा आला आणि मी घर बदललं.

निघताना काका टेम्पोपर्यंत आले.

"भात परत लावला?"

"लावला."

"मी विरोधातच आहे हो अजून."

"ठाऊक आहे, काका. उन्हात उभे राहू नका, आत जा."

त्या पेरणीला दाणे चांगले भरले. पण शेतात लावून बघायला जागा मिळेना. जो तो विचारायचा, रखवाली कोण करणार? उद्या कोणी येऊन पीक जाळलं तर? सर फाइल घेऊन कार्यालयांच्या खेपा घालत राहिले. शेवटी पैसा संपला आणि काम बंद झालं. मला एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. शेवटच्या दिवशी फाटकावर पिशवी उघडून दाखवली, बाहेर पडले, आणि मोकळं वाटलं. त्या मोकळं वाटण्याचंच नंतर बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.