डोलकाठीचे खांब

प्रिय रेवा आणि नील,

तुमच्या शिरीषकाकाला जाऊन दीड महिना झाला. पदकाचा फोटो बाबांनी तुम्हाला दाखवला असेल. पण काका तेवढाच नव्हता, म्हणून लिहायला बसले. आणि परवा इथे त्याचा पुतळा ठरत होता, तो मी होऊ दिला नाही, हेही तुम्हाला माझ्याकडूनच कळावं.

शिरीष आधी भारताकडून रग्बी खेळायचा. कळव्यात हा खेळ कुणाला ठाऊक नव्हता. "क्रिकेट जमलं नाही वाटतं?" असं माझ्या नणंदेने विचारलं, तर म्हणाला, "आत्या, यात धावायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे. तुला जमेल, तू नेहमी मागचंच काढतेस!" मग तो सैन्यात गेला. एका चकमकीत जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन डोंगर उतरला... पदक मिळालं, गुडघा कायमचा गेला. भीती नाही वाटली का, असं मी विचारलं तर म्हणे, "पडलेल्याला सोडून यायचं नसतं, आई. हे मैदानावरच शिकलो."

निवृत्तीनंतर सोसायटीमागच्या मैदानात तो खाडीकाठच्या मुलींना रग्बी शिकवू लागला. गोलाला उंच खांब हवे होते. कोळीवाड्यातल्या भारतीने तिच्या वडिलांच्या मोडीत निघालेल्या दोन होड्यांच्या डोलकाठ्या आणून दिल्या. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला ती त्या खांबांना हळदकुंकू लावते, नारळ फोडते. होडी नसली म्हणून काय झालं!

परवा सोसायटीच्या सभेत अध्यक्ष सावंत म्हणाले, "काकू, ते खांब काढू, तिथे शिरीषचा पुतळा बसवू. भोवती बाग. फक्त संमतीपत्रावर तुमची सही हवी."

"आणि मुली?"

"त्या काय... खेळतील कुठेतरी."

मी उठून उभी राहिले. "सावंत, तो पडलेल्याला सोडून आला नाही. त्याच्या नावाने तुम्ही पोरींना हाकलणार? पुतळ्याची एवढी हौस असेल तर तुमच्या दारात बसवा."

सभेच्या खोलीच्या दारात उभी असलेली भारती ओरडली, "आनि माज्या बापाच्या डोलकाठीला हात लावून तर बगा!"

रात्री तुमच्या बाबांचा फोन आला. "आई, कशाला वाईटपणा घेतेस?"

घेतला. सही केली नाही.

पदक कपाटात आहे. खांब मैदानात आहेत, त्यांवर यंदाचं हळदकुंकू अजून दिसतं. मुली रोज संध्याकाळी खेळायला येतात.

तुमची आजी