विधवेचा फाटा

अर्विड टोलफसनला टॅमरॅक नदीवर तोंडावर 'चुकलास' म्हणायची कुणाची टाप नव्हती. उभा जन्म त्याने होडीत काढला. बाहेरगावच्या पाहुण्यांना नदीवर न्यायचं, वल्ही मारायची आणि त्यांच्याकडून माशीने ट्राउट मासा पकडवून घ्यायचा, हा त्याचा धंदा. माशी म्हणजे खरी नव्हे. बारक्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली, खरीलाही लाजवेल अशी खोटी माशी. माणूस फटकळ, पाहुण्याच्या तोंडावर म्हणायचा, "मासे हुशार आहेत, प्रश्न तुमचा आहे." लोक पैसे मोजून हे ऐकायला येत.

ऑक्टोबर आला की नदी वेगळीच होते. पाणी उतरतं, काचेसारखं नितळ होतं, कॉटनवुडच्या झाडांची पिवळी पानं वाहत येऊन काठाशी साठतात. उन्हाळाभर गळ पाहून पाहून माशांना पुरती अक्कल आलेली असते. काठीची सावली पडली तरी पसार. दुपारी ढग आले तर पाण्यातून बारीक हिरवट माशा वर येतात, मोहरीच्या दाण्याएवढ्या, आणि ट्राउट तेवढ्याच खातो. मग गळावरची माशीही तेवढीच हवी, दोरा केसासारखा हवा, आणि तो दोरा त्या माशीच्या गळाला असलेल्या सुईएवढ्या भोकातून वाऱ्यात, गारठलेल्या बोटांनी ओवता आला पाहिजे. उन्हाळ्यात कुणीही सोम्यागोम्या गाईड म्हणून मिरवतो. खरा कोण ते ऑक्टोबरात कळतं.

आणि अर्विडला ते भोक दिसत नव्हतं.

नजरेच्या मधोमध डाग पडला होता. कडेचं सगळं दिसायचं, लाटा, खडक, काठ. जिथे बघावं नेमका तिथेच धूर. डॉक्टरने सांगितलं होतं, हे वाढत जाणार, इलाज नाही. वल्ही काय, हातांना पाठ होती. माशीचं काम मार्लिसने, त्याच्या बायकोने, अंगावर घेतलं. पहाटे स्वयंपाकघरात दिव्याखाली बसून ती एकेक बारीक माशी हातभर दोऱ्याला बांधायची आणि दोऱ्याच्या टोकाला फास करून ठेवायची. होडीत अर्विडने फक्त काठीच्या दोरीच्या फासात हा फास अडकवायचा. ते बोटांना जमायचं. गाडीही तीच चालवायची. गावाला सांगितलं होतं, अर्विडचा गुडघा धरलाय.

"सांगून टाक एकदा लोकांना," मार्लिस म्हणायची.

"काय सांगू? या, आंधळ्याच्या होडीत बसा म्हणून?"

"गुडघ्याचं सोंग किती दिवस चालेल?"

"एवढा हंगाम."

"मागच्या हंगामातही हेच म्हणाला होतास."

यावर तो कॉफीचा कप घेऊन बाहेर जायचा. नदी गेली तर अर्विड म्हणजे कोण? खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि कधी शिकावंसंही वाटलं नव्हतं.

आता विधवेच्या फाट्याचं सांगायला हवं. एका जुन्या विधवेच्या कुरणालगत नदीला एक उथळ फाटा फुटतो. ऑक्टोबरात मोठ्या ब्राउन ट्राउट माद्या तिथे चढून येतात. शेपटीने गोटे सारून खळगा करतात, अंडी घालतात, वर बारीक खडी लोटून झाकतात. वरून दिसते ती फक्त धुतल्यासारखी फिकट जागा. तिच्यावर बुटाचा एक पाय पडला की खालच्या अंड्यांचा चेंदा. आणि त्या दिवसांत तिथली मादी चिडलेली असते, बोटभर लांब माशी जाड दोऱ्याला बांधून पुढ्यात टाकली तरी अंगावर येते. तिथे मासा पकडणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत शिरून चोरी करणं. कायदा काही नव्हता. अर्विडचा शब्द होता, तेवढ्यावर सगळी नदी त्या फाट्याला वळसा घालून जायची.

एकदाच एकाने मोडला तो शब्द. क्लीटने. मार्लिसच्या बहिणीचा मुलगा, अर्विडनेच हाताला धरून शिकवलेला. डोरीनच्या खाणावळीत, सगळ्यांचा नाश्ता चालू असताना, अर्विडने त्याला उभं केलं.

"काका, पाहुणे दोन दिवस रिकाम्या हाताने फिरले होते," क्लीट म्हणाला. "घरी बायकोचे दिवस भरलेत. हे पाहुणे तुटले असते. एकदाच गेलो."

"एकदा चोरी केली तरी चोरच म्हणतात."

झालं. त्यानंतर पाहुणे ठरवून देणाऱ्या कुठल्याच दुकानाने क्लीटला पाहुणा दिला नाही. तो आता सरकारी गाडी घेऊन रस्त्यावरचा बर्फ काढतो. मार्लिसच्या बहिणीने थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला यायचं बंद केलं. अर्विडला त्याचं काही वाटलं नाही. नियम म्हणजे नियम, असं तो म्हणायचा, आणि पोट भरलेल्या माणसाला असं म्हणणं सोपंच असतं.

त्या मंगळवारी होडीत प्रुइट होता. टेक्सासचा दातांचा डॉक्टर, दर ऑक्टोबरात न चुकता येणारा, दिलदार पण हाताचा जड. मासा लागला की असा हिसका मारायचा जणू दाढच उपटतोय. मार्लिसच्या माशा एकेक करून गेल्या. एक झुडपात, एक बुडालेल्या ओंडक्यात, बाकीच्या ट्राउटच्या तोंडात. दुपारी ढग आले, बारीक माशा उठल्या, आणि होडीच्या चारी बाजूंनी ट्राउट पाण्याला तोंड लावू लागले. डबीत माशा भरपूर होत्या, पण दोऱ्याला बांधलेली एकही नव्हती.

अर्विड प्रुइटकडे पाठ फिरवून बसला. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने पाहत दोरा ओवायला लागला. गळ बोटात घुसला. माशी पाण्यात पडली. दुसरी घेतली.

"काय अर्विड, ओवताय की विणताय?" प्रुइट हसून म्हणाला. "आणा इकडे, मी बांधतो."

द्यायची होती हो. काय बिघडलं असतं? प्रुइटने थट्टा केली असती, संध्याकाळी चार जणांना सांगितलं असतं. पण त्या चार जणांचीच अर्विडला धास्ती होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "या चिल्लर ट्राउटच्या मागे कशाला लागायचं? मोठं धूड पाहिजे का?"

"म्हणजे काय, विचारायचं असतं का?"

अर्विडने होडी फाट्यात घातली. जाड दोरा, बोटभर माशी, आंधळ्यालाही बांधता येईल अशी. दुसऱ्याच फेकीला मादी लागली. प्रुइट पाण्यात उतरून ओरडत होता, पायांखाली खडी करकरत होती. अर्विड होडी धरून उभा राहिला.

"धरा, धरा, तुमचाच फोटो काढतो," प्रुइट म्हणाला.

अर्विडने मासा धरला. पोटातून नारिंगी अंडी त्याच्या मनगटावरून ओघळली. या नदीवर फोटो काढायचा तर मागे नुसतं आभाळ घेतात, म्हणजे जागा कुणाला ओळखू येत नाही. प्रुइटने फोन पुढे केला, "बघा, बरा आलाय ना?" अर्विडला हिरवट डागाशिवाय काही दिसलं नाही.

"झकास," तो म्हणाला.

फोटोत त्याच्या पाठीमागे, वीज पडून काळा झालेला कॉटनवुड अख्खा आला होता. तो एकाच जागी आहे, विधवेच्या फाट्यावर, आणि ती जागा नदीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्रीच्या जेवणाआधी फोटो गावभर झाला.

सकाळी डोरीनच्या खाणावळीत जाताना अर्विडने मनाची तयारी केली होती. शिव्या खाऊ, असं ठरवून आत गेला. कुणी शिवी दिली नाही. कोल्टन नावाच्या तरण्या गाईडने पाठीवर थाप मारली, "काय धूड काढलंत हो." डोरीनने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. कोपऱ्यात क्लीट बसला होता. जाताना अर्विडच्या टेबलाशी थांबला.

"मासा छान होता, काका," तो म्हणाला. "मला त्या दिवशी कुणी कॉफी विचारली नव्हती." आणि टोपी घालून निघून गेला.

अर्विडने कॉफीचा कप बाजूला सारला. त्या पोराचं एवढं वाटोळं केलं ना, कशासाठी?

शनिवारी मार्लिस त्याला गाडीतून घेऊन विधवेच्या फाट्याजवळच्या रस्त्याने जात होती. काठाला गाड्यांची रांग लागलेली. अर्विड दार उघडून, धडपडत खाली उतरला. डोळ्यांच्या कडेने त्याला पाण्यात उभी माणसं दिसली, बरीच.

"बाहेर निघा," तो ओरडला. "सगळे बाहेर निघा."

कोल्टन पाण्यातून काठाशी आला. पोरगा उर्मट नव्हता.

"रागावू नका, अर्विड. मंगळवारी तुम्हीच गेला होतात ना? आम्ही म्हटलं, अर्विड गेला म्हणजे आता चालतंय. तुम्ही उगाच जाणार नाही. दुसरं काही कारण असेल तर सांगा, आत्ता सगळ्यांना बाहेर काढतो."

काच खाली करून मार्लिस गाडीतून म्हणाली, "सांग त्याला."

कोल्टन वाट पाहत उभा होता. अर्विडने तोंड उघडलं. पुढच्या आठवड्यातले पाहुणे, लोकांचे दबक्या आवाजातले कळवळे, खिडकीजवळची खुर्ची, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. ते मात्र त्याला स्वच्छ दिसत होतं.

"कारण कसलं?" तो म्हणाला. "नीट चाला म्हणजे झालं. फिकट खडीवर पाय देऊ नका. कडेकडेने जा."

"पाणी चमकतंय, इथून काही कळत नाही. कुठून जायचं, दाखवा ना."

अर्विडने हात लांब करून दाखवलं. कोल्टनने मागे वळून हाक दिली, "अर्विड सांगतोय, त्या बाजूने चला रे." माणसं निमूटपणे एकामागोमाग एक तिकडे वळली. खडी करकरू लागली.

मार्लिस गाडीतून उतरून त्याच्याजवळ आली होती. "अर्विड," ती म्हणाली, "तू त्यांना बरोबर अंड्यांवर पाठवलंस."

"हळू बोल," तो म्हणाला.