चौथा ट्रॅक

शहरातली बरीच माणसं कवळीकाकांनी केलेल्या दातांनी हसायची. काका स्वतः क्वचितच हसत. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे. काका त्यांत प्लास्टर ओतायचे, मेणावर दात बसवायचे आणि शेवटी मोटरला लावलेल्या दगडाने घासून कवळी गुळगुळीत करायचे. हे सगळं घराच्या पुढच्या खोलीत चाले. कवळीकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी पाठीमागे ठेवलं होतं. पुढे ते तोंडावरही चालायला लागलं.

खोलीत दोन टेबलं होती. खिडकीपाशी काका आणि त्यांची मोटर. भिंतीकडे काकू. त्या मेण वितळवायच्या, तयार कवळ्या डब्यांत भरायच्या आणि दवाखान्यांशी फोनवर बोलायच्या. काका फोनवर बोलायला लागले की समोरच्याला वाटे लाइन कटली. म्हणून बोलणं काकूंकडे.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा जुना टॅब्लेट घरीच राहिला. त्यात संगीत तयार करायचं एक ॲप होतं. काकांनी ते सहज म्हणून उघडलं आणि त्यातच अडकले. त्यांना एकही वाद्य येत नव्हतं. कान मात्र होता. दगड घासतोय की नुसता घसरतोय, हे त्यांना मोटरच्या आवाजावरून न बघता कळायचं.

फुकटच्या ॲपमध्ये चारच ट्रॅक होते. पडद्यावर चार आडव्या रेघा, एकेका रेघेत एकेक आवाज. पाचवा आवाज घालायचा तर आधीचे दोन एक करून जागा करायची. एक केलेले पुन्हा वेगळे होत नसत. काकांना त्यात वावगं वाटलं नाही. घट्ट झालेल्या प्लास्टरचंही पुन्हा पीठ होत नाही.

एकच चीज ते वर्षभर करत होते. प्लास्टरच्या वाटीवर कालवायच्या पात्याची टकटक. डब्यांच्या झाकणांची उघडझाप. ॲपमधला एक ड्रम. कुठला ड्रम, किती वेगात, किती मोठ्याने, हे सगळं ते कामाच्या वहीत लिहून ठेवायचे. रुग्णाचा नंबर, दाताचा रंग आणि त्याखाली ड्रम.

काकू कुणासमोर गात नसत. कॅमेरा दिसला की गप्प. पण मेण वितळवताना त्या गुणगुणायच्या. शब्द नसायचे, चालही कुठली ओळखीची नव्हती. एका दुपारी काकांनी टॅब्लेट टॉवेलखाली ठेवला आणि तीन मिनिटं ती गुणगुण घेतली. काकूंना सांगितलं नाही. मग ती ड्रमखाली घातली, जागा हवी होती म्हणून दोन्ही ट्रॅक एक केले आणि पुढचा आवाज शोधायला लागले.

त्यानंतर सहा महिन्यांनी काकूंच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली. पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, थोडे महिने वाट बघू. वाट बघून झाली. आवाज खरखरीत राहिला, आणि खाली उतरला तो उतरलाच.

फोन अजून काकूच उचलायच्या. दवाखान्यातली मुलगी म्हणायची, "काका, जरा काकूंना फोन द्या."

"थांबा," काकू म्हणायच्या. मनात पाच मोजायच्या. मग त्याच आवाजात, "हं, बोला."

"काका, काकूंना म्हटलं मी."

काकू हे काकांना रंगवून सांगायच्या आणि खोकत हसायच्या. गुणगुणायच्या मात्र नाहीत. मेण मुकाट्याने वितळायचं.

एका रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, आईच्या गुणगुणण्याचं काही आहे का हो तुमच्याकडे? माझ्याकडच्या सगळ्या व्हिडिओंत ती नुसतं 'बंद कर ते' म्हणते."

"बघतो," काका म्हणाले.

त्यांनी हेडफोन लावून तो ट्रॅक ऐकला. गुणगुण होती. तिच्यावर ड्रम होता, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत. त्यांनी ॲपमधली सगळी बटणं सरकवून पाहिली. ड्रम बारीक केला की काकूही बारीक व्हायच्या.

तीन दिवस ते काम सोडून हेच करत बसले.

"काय एवढं ऐकताय?" काकूंनी विचारलं. "दोन दवाखाने विचारून गेले. मी म्हटलं, साहेब सध्या गाणं शिकतायत."

"काही नाही," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी ते एका ठशात प्लास्टर ओतत होते आणि त्यांचा हात थांबला. ठशात दात नसतो. दाताची रिकामी जागा असते. ती जागा तशीच्या तशी भरली की दात हाती येतो. आवाजाचाही असा उलटा ठसा निघाला तर? ॲपमध्ये आवाज उलटा करायचं, म्हणजे त्याच्या लाटेतल्या चढाचा उतार आणि उताराचा चढ करायचं, एक बटण होतं. दाबून फरक कळत नाही, म्हणून त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं. त्यांनी वही काढली. रुग्ण एकशे बारा, त्याखाली ड्रम. तोच ड्रम, तोच वेग, तेवढाच मोठा आवाज. तो चौथ्या ट्रॅकवर घातला, उलटा केला आणि जुन्या ट्रॅकवर नेमका बसवला, वरची कवळी खालच्या कवळीवर बसवतात तसा. पहिल्यांदा नीट बसला नाही. केसभर सरकवला.

ड्रम गेला. काका ताठ बसले.

पण नुसत्या काकू उरल्या नाहीत. त्यांच्या आवाजाबरोबर मोटर होती. त्या दुपारी काकूंना संशय येऊ नये म्हणून काकांनीच ती चालू ठेवली होती. ड्रम ॲपमधला, तो पुन्हा तसाच मिळाला. ती मोटर पुन्हा तशी मिळणार नव्हती. तेव्हाचा दगड कधीच झिजला होता.

काकांनी दोन्ही ट्रॅक एक केले आणि हेडफोन काढून ठेवला. काकूंनी तो उचलला आणि कानाला लावला.

तीन मिनिटं त्या हलल्या नाहीत.

"कधीचं?"

"गेल्या वर्षीचं."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तू गप्प बसली असतीस."

"बसले असते," काकू म्हणाल्या.

"लेकीला हवंय. बाकी सगळं काढलं. मोटर जात नाहीये. नुसता तुझा आवाज काही निघत नाही."

"नुसता कुठून निघणार?" काकूंनी हेडफोन त्यांच्या हातात दिला. "मोटर सुरू झाल्याशिवाय मी कधी तोंड उघडलंय का? तिच्या त्या घूंच्या मागे मागे जायचे मी. घरात दुसरं वाद्य होतं कुठे?"

काकांनी पुन्हा ऐकलं. दगड दाबला गेला की मोटर खाली यायची आणि तिच्याबरोबर काकूही खाली यायच्या. हात उचलला की दोघी वर. तीन मिनिटांत एकदाही चुकलं नव्हतं. ज्या मोटरकडे न बघता काका सगळं ओळखायचे, तिच्याबद्दलची ही गोष्ट तीस वर्षं त्यांच्या पाठीमागे दुसऱ्या टेबलावर चालू होती.

काकू आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि मेणाखालची ज्योत पेटवली.

"लावा मोटर," त्या म्हणाल्या.

काकांनी लावली. काकूंनी सुरुवात केली आणि पहिल्याच श्वासाला आवाज फाटला. पुन्हा केली, पुन्हा फाटला.

"एवढ्या वर नाही जमत आता. तिला खाली आणा."

काकांनी टाकाऊ कवळ्यांच्या डब्यातून एक तडकलेली कवळी काढली आणि दगडाखाली धरली. दाबली. मोटर खाली आली.

"अजून."

आणखी दाबली. मोटर कण्हायला लागली. तिथे काकूंचा आवाज टेकला. खरखरीत होता, मध्ये मध्ये नुसता वारा होता, पण तो राहिला. काकांनी हात हलू दिला नाही. चौथा ट्रॅक रिकामा होता. त्यांनी मोकळ्या हाताने टॅब्लेट जवळ ओढला आणि काकूंकडे पाहिलं.

काकूंनी गुणगुणणं न थांबवता मान डोलावली. मग श्वास घ्यायला थांबल्या तेवढ्यात म्हणाल्या, "टॉवेल नका टाकू त्याच्यावर."

त्या संध्याकाळी काकांनी ती चीज लेकीला पाठवली. वाटी, झाकणं, जुना आवाज, नवा आवाज. चारही ट्रॅक भरले होते. आणखी काही घालायचं तर कुठले तरी दोन एक करावे लागले असते. काकांनी ते केलं नाही. चीज तिथेच संपली.

तडकलेली कवळी झिजून निम्मी झाली होती. ती मोटरशेजारीच राहिली, दुसऱ्या दिवशी लागणार होती म्हणून.